उन्हाळा आणि घरातली मत्स्यपेटी

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला एक तरी भाषण घरात उपयोगी पडेल असे असावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आजवर ह्या व्यासपीठावरून साठवणीची धान्ये, लहान मुलांची दुखणी, पोस्टातली बचत अशा विषयांवर पुष्कळ ऐकायला मिळाले. त्या मानाने माझा विषय काहींना चैनीचा वाटेल. घरात शोभेचे मासे पाळणे ही हौस, आणि हौसेवर भाषण कशाला, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु होळी झाली की दरवर्षी कोणी ना कोणी माझ्याकडे येते आणि तोच प्रश्न विचारते, "ताई, कालपर्यंत मासे चांगले होते. आज सकाळी दोन वर तरंगत होते. काय झाले असेल हो?" बरोबर बहुधा एखादे मूल असते आणि त्याचे डोळे रडून लाल झालेले असतात. मोठ्यांच्या हिशेबी तो बाजारात पुन्हा मिळणारा मासा असतो. मुलाच्या हिशेबी तसे नसते. म्हणून हा विषय मी चिटणीसबाईंकडून मागून घेतला.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला स्वयंपाकासाठी लवकर उठायचे असेल तर चुटपूट राहू नये. उन्हाळ्यात पेटीतल्या माशाला बर्फ नको असतो, वारा हवा असतो. आणि जो काही फरक करायचा तो सावकाश हवा असतो. पुढचे सारे भाषण म्हणजे ह्या एका वाक्याचा विस्तार आहे.

आपण नागपूरकर उन्हाला सरावलो आहोत असे म्हणतो. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेला तरी आपण त्याला 'नेहमीचेच' म्हणतो. २०१३ सालच्या मे महिन्यात तो सत्तेचाळीस अंशांच्याही वर गेला होता, तेव्हाही आपण कांद्याची कोशिंबीर खाऊन आणि पन्हे पिऊन दिवस काढले. पण आपण दुपारी दार लावून घेऊ शकतो, कूलरपुढे बसू शकतो, अंगणात बाज टाकू शकतो. नदीतला मासादेखील ऊन तापले की काठ सोडून खोल डोहात उतरतो. तळाचे पाणी थंड असते आणि ते कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. पेटीतल्या माशाला डोह नाही. वरचे पाणी तेच आणि खालचे पाणी तेच. आपण त्याला त्या चार काचांत आणून ठेवले, तेव्हा त्याचा डोह होण्याची जबाबदारी आपल्यावर आली. हौस म्हणून आणलेली वस्तू आणि हौस म्हणून आणलेला जीव ह्यांत एवढाच फरक आहे. पण तो थोडा नाही.

आता मासे उन्हाळ्यात मरतात ते कशाने? पुष्कळांना वाटते की पाणी तापते आणि मासा भाजल्यासारखा होतो. तसे क्वचितच घडते. बहुतेक मासे गुदमरून मरतात. माशाला श्वासासाठी जो प्राणवायू लागतो तो पाण्यात विरघळलेला असतो, आणि पाणी जितके गरम तितका तो त्यात कमी मावतो. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. पस्तीस अंशांना तो सातच्या आसपास येतो. म्हणजे पुरवठा एक-षष्ठांशाने घटला. दुसरीकडे मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते आणि शरीराचे सारे व्यापार जलद चालू लागतात. दहा अंशांनी उष्णता वाढली तर त्याची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. घरात पाहुणे दुप्पट आणि कोठीतले धान्य कमी, अशी ही अवस्था आहे. त्यात भर म्हणून तळाशी पडलेले अन्न उन्हाळ्यात लवकर कुजते आणि कुजतानाही प्राणवायूच खाते. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनियासुद्धा गरम पाण्यात अधिक विषारी होतो. संकट एकटे येत नाही म्हणतात, ते असे.

ह्याची खूण ओळखणे अगदी सोपे आहे. मासे पाण्याच्या वरच्या थराशी गोळा होतात, तोंड वर काढून भराभर हवा घेतात, कल्ले जोराने हलतात. काही मासे जिथे पंपाचे बुडबुडे येतात तिथेच उभे राहतात. मूल म्हणते, "आई, बघ, मासे गाणे म्हणताहेत." ते गाणे नसते. मात्र फायटर आणि गोरामी ह्या जातींना जात्याच वर येऊन हवा घेण्याची सवय असते. ते अधूनमधून वर आले तर घाबरू नये.

ही पाहणी पहाटे करावी. दिवसा पेटीतल्या वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याही तो घेऊ लागतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. अंगणात सडा घालायला उठाल तेव्हा पेटीकडे एकदा नजर टाकावी. आणि ह्याचसाठी, हवेचा पंप रात्री आवाज करतो म्हणून जो बंद करण्यात येतो, तो उन्हाळ्यात तरी बंद करू नये. आवाज होत असेल तर पंपाखाली जाड फडक्याची घडी ठेवावी.

पाणी किती तापले ते हाताने कळत नाही. उन्हातून आलेल्या हाताला कोमट पाणी गार लागते. पेटीसाठी वेगळा थर्मामीटर मिळतो, तो फार महागही नसतो. तापाचा थर्मामीटर मात्र ह्या कामाचा नाही, कारण तो मुळी पस्तीस अंशांपासून मोजायला लागतो. तोवर वेळ निघून गेलेली असते. गप्पी, मोली, गोरामी असे आपण बहुधा पाळतो ते मासे चोवीस ते अठ्ठावीस अंशांत सुखात असतात. तिशीपर्यंत ते निभावतात. पाणी बत्तीसच्या पुढे जाऊ लागले की आपण हातपाय हलवायचे. सोनमासा, म्हणजे गोल्डफिश, हा मूळचा चीनमधला आणि थंड पाण्याचा. त्याला वीस ते चोवीस अंश मानवतात. आपल्या गावी त्याला मोठी पेटी आणि थंड खोली देता येत नसेल तर त्याच्या मोहात न पडलेले बरे.

आता थंडाव्याकडे वळू. भगिनींनो, ह्यासाठी कोणा तज्ज्ञाकडे जायला नको; आपल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर त्याचा गुरू बसलेला आहे. माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगावर बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपते, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या पडद्याचे आणि कूलरचे रहस्यही तेच. मत्स्यपेटीची अडचण एवढीच की काचेला माठासारखा घाम येत नाही. पाणी उडून जायला तिला एकच वाट असते, ती म्हणजे वरचे तोंड. आणि आपण नेमके त्याच्यावर काचेचे झाकण घालून, वर दिवा लावून ठेवतो!

तेव्हा पहिले काम हे की उन्हाळ्यापुरते झाकण काढावे. मासे उडी मारतात हे खरे, आणि मांजरही टपलेले असते. म्हणून झाकणाऐवजी जुन्या मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे. दुसरे काम हे की पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा वाहता ठेवावा. त्यासाठी मोठ्या पंख्याची जरुरी नाही. संगणकात असतो तसला बारा व्होल्टचा लहानसा पंखा पेटीच्या काठावर पक्का बसवला आणि तिरपा पाण्याकडे केला की पुरते. एवढ्याने पाणी दोन ते चार अंशांनी खाली येते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, म्हणून हा उपाय मुंबईपेक्षा आपल्याकडे अधिक लागू पडतो. मुंबईची हवा आधीच ओली. तिथे कपडे जसे वाळत नाहीत तसे पेटीतले पाणीही उडत नाही.

मी येथे थोडा हिशेब मांडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी साधारण पेटी घ्या. तिच्यात रेती सोडून पन्नास लिटर पाणी मावते. ह्यातले एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले तर ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेते. उलट एक किलो बर्फ पेटीत विरघळून पेटीतल्या पाण्याइतका कोमट होईपर्यंत फक्त ११० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता शोषतो. म्हणजे एक लिटर पाणी वाऱ्याने उडणे हे पाच किलो बर्फाच्या बरोबरीचे झाले. शिवाय बर्फाला फ्रिज अडवावा लागतो, आणि मे महिन्यात फ्रिजमध्ये आधीच आमरस, सरबते आणि कैऱ्यांची दाटी असते. वारा फुकट मिळतो. आणि बर्फ जे तासाभरात उरकतो ते वारा दिवसभर बेताबेताने करतो.

हा 'बेताबेताने' शब्द फार महत्त्वाचा आहे. माशाचे शरीर उष्णतेच्या चढउताराशी जुळवून घेते, पण त्याला वेळ लागतो. घाबरून कोणी पेटीत बर्फाचे खडे टाकते, पाणी अर्ध्या तासात चार-पाच अंश खाली येते, आणि बर्फ संपला की पुन्हा वर जाते. उकाड्यात तग धरून राहिलेला मासा ह्या झोक्याने आजारी पडतो. तासाला एका अंशापेक्षा अधिक फरक पडू देऊ नये. पंखा नसेल, वीज नसेल आणि पारा चढतच असेल, तर अर्धा लिटरची बाटली थोडी रिकामी ठेवून पाण्याने भरावी, तिचे बूच घट्ट लावून ती गोठवावी आणि तशीच बंद पेटीत तरंगत ठेवावी. पन्नास लिटरच्या पेटीत अशा एका बाटलीने अंशभर फरक पडतो. थर्मामीटरवर नजर ठेवावी आणि एक बाटली पुरी विरघळल्याशिवाय दुसरी टाकू नये. हा अडीअडचणीचा उपाय आहे, रोजचा नव्हे.

पाणी थंड करणारी यंत्रे बाजारात मिळतात. ती महाग असतात आणि पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतात. साध्या संसारी पेटीला त्यांची आवश्यकता नाही. खोलीत कूलर चालू असेल तर पेटीला त्याचा फायदा आपोआप मिळतो. एसी असेल तर मात्र एक जपावे. रात्रभर खोली बावीस अंशांवर आणि दिवसभर बंद, असे केल्याने पाण्याचे तेच वर-खाली होते. तशा खोलीतून पेटी बाहेरच्या खोलीत हलवलेली चांगली.

पेटी कुठे ठेवावी, हेही उन्हाळ्यापूर्वीच पाहून घ्यावे. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर उष्णता टाकते. तिला लागून पेटी नको. खिडकीतले ऊन तिच्यावर येऊ नये. फ्रिजच्या पाठीमागून गरम हवा निघते, तेव्हा त्याचा शेजार नको, शेगडीचाही नको. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, खालचा मजला त्या मानाने गार असतो. पेटी हलवणे शक्य नसेल तर भिंतीकडच्या काचेला थर्मोकोलचा जाड पत्रा लावावा. पेटीतला दिवा दुपारी बंद ठेवून संध्याकाळचे चार-पाच तास लावला तरी पुरे. आणि पेटी भरलेली असताना ती उचलून सरकवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो वजन. काच तडकते आणि कंबरही धरते.

काचेचा गोल वाडगा हा प्रकार मला उन्हाळ्यात पाहवत नाही. त्यात पाणी थोडे, म्हणून ते लवकर तापते. तोंड अरुंद, म्हणून वारा लागत नाही. आणि त्यात बहुधा सोनमासाच असतो! अलीकडे मुलांच्या वाढदिवसाला पिशवीतला मासा भेट देण्याची टूम निघाली आहे. एप्रिल-मे महिन्यांत अशी भेट देऊ नये आणि कोणी देऊ केली तर गोड बोलून नाकारावी. नवे मासे आणायचे ते पहिला पाऊस होऊन हवा निवल्यावर आणावे.

पंखा लावला म्हणजे पाणी उडणार. दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी सहज कमी होते. ते भरून काढताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली ही की पाणी उडते, क्षार उडत नाहीत. ते मागे राहतात. काचेवर जी पांढरी रेघ दिसते ती त्यांचीच. बोअरचे जड पाणी रोज भरत गेलो तर पेटीतले पाणी दिवसेंदिवस खारवत जाते. म्हणून रोजची तूट शक्यतो गाळणी यंत्राच्या, म्हणजे आर.ओ.च्या पाण्याने भरावी, आणि आठवड्यातून दोनदा पेटीतले दहावा हिस्सा पाणी काढून तेवढे नेहमीचे पाणी घालावे. दुसरी गोष्ट ही की दुपारी नळाखाली बादली धरून ते पाणी पेटीत ओतू नये. गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्या वेळी हाताला चटका देते, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीनही असतो. ते बादलीत किंवा माठात काढून, वर पातळ फडके घालून, एक दिवस सावलीत ठेवावे. तेवढ्यात क्लोरीन पुष्कळसा उडून जातो आणि पाणीही निवते. तांब्याच्या हंड्यात मात्र हे पाणी साठवू नये. तांब्यातले पाणी आपल्याला गुणकारी म्हणतात, पण माशांना तांब्याचा अंश विषासारखा असतो, आणि पेटीत गोगलगाई वा झिंगे असतील तर त्यांना तर अधिकच.

पंख्याबद्दल आणखी एक सूचना. पाणी आणि वीज ह्यांचे वैर असते. पंख्याची आणि पंपाची तार भिंतीवरच्या प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे तारेवरून ओघळणारे थेंब त्या झोळापाशीच खाली पडतात, प्लगपर्यंत जात नाहीत. पेटीत हात घालण्यापूर्वी सारी बटणे बंद करावी. मुलांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

खाण्याच्या बाबतीत आपण बायका जरा हळव्या असतो. मासा काचेशी येऊन तोंड उघडतो आणि आपल्याला वाटते, उपाशी आहे बिचारा. उन्हाळ्यात नेहमीच्या निम्मे खाणे पुरे. दोन मिनिटांत संपेल एवढेच, तेही सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला. पोळीचा तुकडा, भाताचे शीत, बिस्किटाचा चुरा काही घालू नये. उरलेले अन्न माशाचे पोट भरत नाही, पण त्याचा प्राणवायू मात्र खाते.

तसाच आपला दुसरा गुण म्हणजे स्वच्छता. पाणी जरा गढूळ दिसले की पेटी रिकामी करून, रेती घासून, दिवाळीसारखी लखलखीत करायची, असे पुष्कळ घरी चालते. परंतु पेटीतल्या रेतीत आणि फिल्टरच्या स्पंजात असे जीवाणू राहतात की जे अमोनियाचे विष निवारतात. विरजण जसे आपण जपून ठेवतो तसे ते जपावे लागतात. स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळून घ्यावा. संध्याकाळी डासांसाठी फवारा मारायचा असेल तर पेटी नीट झाकून घ्यावी आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवावा, कारण पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो आणि डासांची औषधे माशांना फार बाधतात.

आता वीज जाण्याचा प्रश्न. ऐन उकाड्यात वीज जाते तेव्हा पंखा थांबतो, पंपही थांबतो, आणि मासे तासा-दोन तासांत वर येऊ लागतात. अशा वेळी मला ॲना थिन नावाच्या बाईंची आठवण होते. त्या लंडनच्या. १८४६ साली त्यांनी टॉर्की येथील समुद्रकिनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले आणि काचेच्या भांड्यांत ठेवले. त्या काळी कसला पंप आणि कसली वीज! त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. घरगुती मत्स्यपेटीच्या इतिहासात थिनबाईंचे नाव येते. त्या मोलकरणीचे नाव मात्र माझ्या वाचनात नाही. पण तिची युक्ती आजही तितकीच खरी आहे. वीज गेली की एक स्वच्छ मग घ्यावा, पेटीतलेच पाणी भरावे आणि वीतभर उंचीवरून धार धरून पुन्हा पेटीत सोडावे. चहा गार करताना करतो तसेच. वीस वेळा केले, मग थोडे थांबून पुन्हा वीस वेळा. मुले हे काम आनंदाने करतात. बॅटरीवर चालणारे लहान पंपही मिळतात. मोठी पेटी असेल त्यांनी एक घेऊन ठेवावा.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो केवळ माशांचा नाही. मे महिना हा जसा नवतपाचा, तसाच तो आपल्या माहेरपणाचा आणि लग्नकार्यांचा. म्हणजे वर्षातला सर्वांत कठीण काळ पेटीतले मासे बंद घरात, बंद खिडक्यांआड आणि परक्या हाती काढतात. आमच्या ले-आउटमधल्या एका घरची गोष्ट सांगते. नावे सांगत नाही. मंडळी लग्नासाठी दहा दिवस परगावी गेली आणि किल्ली शेजारणीकडे दिली. शेजारीण अतिशय प्रेमळ. दुसऱ्याच्या घरचे जीव उपाशी राहू नयेत म्हणून ती रोज तीनदा जाऊन चिमूट-चिमूट खाणे घालत असे. खोली तापलेली, पंप तेवढा चालू. पाचव्या दिवशी पाणी दुधासारखे झाले आणि सातव्या दिवशी पेटीत काही उरले नाही. परत आल्यावर घरातल्या मुलीने महिनाभर त्या मावशींशी बोलणे टाकले. मावशींनी काय कमी केले होते? त्यांनी मायाच केली होती. फक्त कोणी त्यांना काही सांगितले नव्हते. मासे गेले ते गेलेच, पण दोन घरांतला वीस वर्षांचा जिव्हाळा उगीच कोमेजला, ह्याचे मला अधिक वाईट वाटले.

म्हणून परगावी जाताना पुढीलप्रमाणे करावे. निरोगी, वाढलेले मासे आठवडाभर खाण्यावाचून सहज राहतात. तीन-चार दिवसांसाठी जायचे असेल तर कोणाला खाणे घालायला सांगूच नये. अधिक दिवस जायचे तर एका वेळेच्या खाण्याची एकेक पुडी बांधून ठेवावी, जशा पूर्वी वैद्य औषधाच्या पुड्या देत. पुडीवर तारीख लिहावी. दोन दिवसांआड एक पुडी. खाण्याचा डबा मात्र कपाटात बंद ठेवावा. पेटीचा दिवा बंद करून जावा. खोलीच्या वरच्या झडपा उघड्या ठेवाव्या, पडदे ओढून घ्यावे. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी पाणी बदलावे. ऐन जायच्या दिवशी नव्हे, म्हणजे काही बिघडले तर आपण असताना कळेल. पेटीवर रेघ आखून ठेवावी आणि शेजारणीला म्हणावे, "पाणी ह्या रेघेखाली गेले तर ह्या बादलीतले घाला, आणि मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर मला फोन करा." आणि हेही आवर्जून सांगावे की, "त्यातूनही काही बरेवाईट झाले तर तुमच्याकडे बोट नाही." हे वाक्य बोलायला दोन क्षण लागतात, पण त्याने पुष्कळ काही वाचते.

काही लोक उन्हाळ्यात कंटाळून किंवा दया येऊन मासे फुटाळ्याच्या नाहीतर अंबाझरीच्या तळ्यात सोडून येतात. त्यांत पुण्य नाही. पेटीत वाढलेले पुष्कळसे मासे तिथे जगत नाहीत, आणि जे जगतात ते परदेशी मासे तळ्यातल्या आपल्या माशांचे अन्न आणि जागा बळकावतात. काच साफ करणारा म्हणून जो काळा खडबडीत मासा आपण घेतो, तो असाच सुटून देशातल्या अनेक जलाशयांत माजला आहे. पाळणे झेपत नसेल तर मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावे किंवा दुकानदाराला परत करावे.

जूनमध्ये पावसाआधी चार-आठ दिवस हवा दमट होते आणि आपले कूलर निरुपयोगी होतात, तेव्हा पेटीवरचा पंखाही फारसे काम देत नाही, हे लक्षात असू द्यावे. त्या दिवसांत दिवा बंद, खाणे कमी आणि हवेचा पंप अखंड चालू, एवढे सांभाळले की पाऊस येतोच.

जाता जाता एक सूचना मंडळापुढे ठेवते. मंडळाच्या कपाटात सतरंज्या आहेत, मोठी पातेली आहेत, कार्याला लागणारे सारे सामान आहे आणि ते आपण एकमेकींना देतो. त्यात बॅटरीवरचे दोन हवेचे पंप आणि एक थर्मामीटर घेऊन ठेवावा. ज्यांच्या घरी पेट्या आहेत त्यांची नावे एका वहीत लिहावी आणि मे महिन्यात कोण गावात आहे, कोण बाहेर, हे त्या वहीत टिपावे. खर्च थोडा आहे. पण एखाद्या रात्री वीज गेली आणि एखादे मूल मग हातात घेऊन पेटीपाशी उभे असले, तर त्याला कळेल की आपण एकटे नाही, शेजारच्या काकू पंप घेऊन येताहेत. मुलांनी मासे पाळावे ते मला ह्याचसाठी आवडते. बोलता न येणाऱ्या जिवाला काय हवे हे ओळखायला ती त्यातून शिकतात. उन्हाळा हा त्या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा आहे, आणि तो त्यांना एकट्याने गिरवायला लावू नये.

 कोणाला काही विचारायचे असेल तर कार्यक्रमानंतर मी कैरीच्या पन्ह्याच्या टेबलापाशी आहेच.